माणसावर नजर ठेवायची ड्यूटी

बसायचीच नोकरी होती आणि मला बसवत नव्हतं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान जेलात मी शिपाई होते. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत. बायकांची बराक एकच. दगडी, ठेंगणी, पुढे फरशीचं अंगण, अंगणात पाण्याचा हौद आणि एक कडुनिंब. आत कधी सात बायका असायच्या, कधी अकरा. बहुतेक कच्च्या कैदी, म्हणजे ज्यांची केस अजून कोर्टात चालू आहे अशा. त्यांच्यासाठी आम्ही दोन महिला शिपाई होतो, बारा-बारा तास वाटून घ्यायचो. मग दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि तिच्या जागी कोणीच आलं नाही. जेलरसाहेबांनी वर कागद पाठवला, पुन्हा पाठवला. पोलीस ठाण्यातून एखादी बाई रात्रीपुरती यायची, पण तिला बंदोबस्त लागला की तीही नाही. अशा वेळी मी सकाळी सहाला आत गेले की दुसऱ्या दिवशीच बाहेर निघायचे.

ते कापसाचे वाईट दिवस होते. माझा नवरा जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, वजनकाट्यावर कामाला होता. आधी दिवाळीपासून एप्रिलपर्यंत जिनिंग चालायची, घरी आला की त्याच्या भुवयांवरसुद्धा कापसाचे तंतू असायचे. बोंडअळीनं सलग हंगाम खाल्ले, गाड्या यायच्या कमी झाल्या, आणि त्या वर्षी संक्रांत होते न होते तोच मालकानं गेटला कुलूप घातलं. नवरा घरी बसला. बसला म्हणजे खरंच बसला. दारात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत राहायचा. मला त्याचं ते बसणं पाहवत नव्हतं. मी बारा-चौदा तासांनी घरी यायचे आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घ्यायचे. सासूबाई म्हणायच्या की अगं, ती आत्ताच धुतली. मी ऐकायचे नाही. हाताला काही नसलं की छातीत काहीतरी धावायला लागायचं.

जेलात गिनती दिवसातून कितीदा तरी होते. बायकांना ओळीत बसवायचं, बोटानं मोजायचं, आकडा गेटवर सांगायचा. ही सवय माझ्या मागे घरापर्यंत आली. बसमध्ये चढले की मी माणसं मोजायचे. बोरी अरबला माहेरी चुलतभावाच्या लग्नाला गेले, तिथं पंगतीत वाढता वाढता थांबले, कारण ओळीत एक माणूस कमी वाटला. आई म्हणाली, "काय झालं? कोणाले पाहून राह्यली?" मी म्हटलं, कोणाला नाही. तो माणूस हात धुवायला उठला होता, परत येऊन बसला, तेव्हा कुठे मी पुढचं पान वाढलं.

बसल्या जागी माझा उजवा पाय हलायचा. मला कळायचंही नाही.

मार्च सुरू होता तेव्हा ती आली. आर्णीकडच्या एका खेड्यातली, पन्नाशीची, सडपातळ, हातांच्या बोटांना बारीक चिरा पडलेल्या. कापूस वेचणाऱ्या बाईचे हात मी ओळखते, माझ्या आईचे तसेच आहेत. तिची सून विहिरीत सापडली होती. सुनेच्या माहेरच्यांनी सासूवर केस टाकली आणि पोलिसांनी तिला उचलून आणलं. खरं काय होतं ते मला माहीत नव्हतं. आमच्या नोकरीत ते विचारायचंही नसतं.

आल्यावर तीन दिवस तिनं अन्नाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी ती हौदाच्या काठावर उभी राहून बराच वेळ पाण्यात पाहत होती, हे एका कैदी बाईनं मला सांगितलं. मी ते साहेबांच्या कानावर घातलं. साहेबांनी हुकूम काढला की तिला एक क्षणही नजरेआड होऊ द्यायचं नाही. दिवसा समोर शिपाई बसेल. शिपाई नसेल तेव्हा एक भरवशाची कैदी बाई तिच्याजवळ बसेल. शिपाई म्हणजे मी.

म्हणून मी रोज तिच्यासमोर स्टूल टाकून बसायला लागले. ती भिंतीला टेकून, मी तिच्यापासून चार हातांवर. ती न्हाणीत गेली की मी दाराशी. ती पाणी प्यायली की मी वहीत लिहायचं. माणसावर नजर ठेवणं म्हणजे काय, हे मला नोकरीत आठ वर्षं झाल्यावर तेव्हा कळलं. डोळे दुसरीकडे वळवले तरी भीती. तेवढ्यात काही झालं तर? तिनं पदराशी चाळा केला तरी मी उठून उभी राहायचे. ती झोपली की छाती हलते का बघायचे. घरी गेल्यावर मुलगी झोपली की तिचीही छाती बघायचे. मुलगी आठ वर्षांची होती. एकदा तिनं डोळे उघडले आणि मी तोंडाशी वाकलेली दिसले, तर दचकून आजीकडे गेली.

सात-आठ दिवसांनी त्या बाईनं जेवायला सुरुवात केली. पण हुकूम तसाच राहिला. एका दुपारी ती माझ्याकडे बघत होती. मी वहीत काहीतरी लिहीत होते. ती म्हणाली, "बाई, तुमचा पाय काहून थांबत नाई?"

मी खाली पाहिलं. पाय हलत होता, सोबत स्टूलही हलत होतं.

मी तिला जोरात झापलं. गप बस म्हटलं, मला प्रश्न विचारायचे नाहीत म्हटलं, आणखीही काही बोलले जे इथं लिहावंसं वाटत नाही. बाकीच्या बायका भाजी निवडता निवडता थांबल्या. तिनं मान खाली घातली. मला तेव्हा तिची दया आली नाही. राग आला होता, कारण नजर मी ठेवायची होती आणि इतके दिवस तीच माझ्याकडे बघत होती.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. नवरा पहाटेच्या गाडीनं पुसदला गेला होता, तिथल्या एका दाल मिलमध्ये कामाचं कोणी सांगितलं होतं म्हणून. घरी सासूबाई आणि मुलगी. मुलीचा तिसरीच्या चाचणीचा पेपर होता, शाळा साडेसातची. मी सहाला निघाले. आमचं क्वार्टर जेलच्या भिंतीला लागूनच, दोन खोल्या, एकच दार. दुपारी ठाण्यातून एक पोलीस बाई आली, म्हणून मला तासभर घरी जाता आलं. एक वाजला असेल.

दाराला बाहेरून कुलूप होतं.

मला वाटलं, सासूबाई मुलीला घेऊन कुठे गेल्या असतील. गुडघे दुखत असताना गेल्या कुठे, असा विचार करत मी पर्समध्ये चाबी शोधली. चाबी होती. घरात कुलपाची चाबी एकच, आणि ती माझ्याकडे होती. मग सकाळ आठवली. मी दार ओढलं होतं, कडी घातली होती, कुलूप लावलं होतं आणि ते दोनदा ओढून पाहिलं होतं, बराकीचं ओढून बघते तसं. हात आपोआप ते करून मोकळे झाले होते.

दार उघडलं. सासूबाई पलंगाच्या कडेला ताठ बसल्या होत्या. मुलगी त्यांच्या पायाशी, शाळेच्या कपड्यांत, दप्तर पाठीला लावलेलंच. ती माझ्याकडे न बघता माझ्या बाजूनं निघाली, चप्पल न घालता अंगणात गेली आणि अंगणात नुसती पळायला लागली. या टोकाहून त्या टोकाला. ऊन होतं, मी हाक मारली तरी थांबेना.

मी सासूबाईंना म्हटलं, आवाज का नाही दिला? शेजारी चार घरं आहेत, कोणीही कुलूप तोडलं असतं. त्या म्हणाल्या, "आवाज कसा देऊ? जेलच्या बाईनं घरच्यायले कोंडलं म्हणून लोक हासले असते. तुही नोकरी हाय, माय."

मुलीची मैत्रीण सव्वासातला हाक मारायला आली होती. दाराला कुलूप बघून निघून गेली. मुलगी ओरडणार होती, तर आजीनं तिच्या तोंडावर हात ठेवला होता. सात तास दोघी त्या खोलीत हळू आवाजात बोलत होत्या. माझी अब्रू राहावी म्हणून.

मला रडू आलं नाही. मी पोळ्या लाटल्या, त्यांना वाढलं आणि दोन वाजता परत ड्यूटीवर गेले. हे लिहिताना मला त्याचंच जास्त वाटतं. मी परत गेले. शाळेतल्या बाईंना दुसऱ्या दिवशी भेटून पोरगी आजारी होती असं सांगितलं, त्यांनी पेपर घेतला. नवऱ्याला सासूबाईंनी काही सांगितलं नाही. मीही नाही.

त्या दुपारी परत गेल्यावर मी स्टुलावर बसले, पण वही उघडली नाही. ती बाई समोर होती. बाकीच्या झोपल्या होत्या. मग मीच तिला विचारलं की तुला त्या दिवशी माझा पाय कसा दिसला. का विचारलं ते मला सांगता येणार नाही.

आधी मी पुन्हा झापते की काय, हे तिनं बघून घेतलं असावं. मग हळूहळू सांगायला लागली. वेचणीच्या दिवसांत ती अंधार असतानाच निघायची, दुसऱ्याचं वावर, मग तिसऱ्याचं. अळीनं बोंडं अर्धी किडलेली, त्यामुळे तेवढाच कापूस गोळा करायला दुप्पट झाडं हिंडायला लागायची. घरी आली तरी तिचे हात थांबायचे नाहीत. जेवताना ताटाशी बोटं चालायची, झोपेत गोधडी वेचायची. सून नवी होती, घाबरायची. एकदा तिनं सासूचे हात धरले होते.

"ते म्हणे, आत्याबाई, तुमी चार रोज घरी राहा, तुमचं डोकं ठिकानावर नाई," ती म्हणाली. "मी तिले लई बोल्ली. तेव्हापासून मी तिच्यासंगं बोलनंच सोडून देल्लं. दोन महिने. मी तिले हात नाई लावला, बाई. पन घरात ते एकटी पडली होती, हे मले दिसत होतं. दिसत होतं अन मी पाह्यलं नाई."

सून विहिरीवर पाणी आणायला गेली होती की आणखी कशाला, हे तिलाही माहीत नव्हतं. कोर्टात वकील काय म्हणेल ते म्हणो, असं ती म्हणाली. नंतर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमाले घरी कोनी काही सांगत नाई का?"

त्या संध्याकाळी बराक बंद करून मी सरळ गेटवर गेले.

गेटवर आमचे एक ज्येष्ठ हवालदार असायचे, पुसदच्या एका मुसलमान कुटुंबातले. त्यांचे भाऊ गाड्यांचे मेकॅनिक होते, हे एकटे सरकारी नोकरीत. सगळे त्यांना चाचा म्हणायचो. तीस वर्षं त्यांनी जेलात काढली होती. मी त्यांना दुपारचं सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ते म्हणाले की त्यांनी स्वतः एकदा ईदच्या दिवशी घरी आलेल्या पाहुण्यांना ओळीत बसा म्हणून सांगितलं होतं, आणि घरचे अजून ते काढून हसतात. पण ते हसणं आत्ता आलं, तेव्हा त्यांची बीवी दोन महिने माहेरी जाऊन राहिली होती. मग ते म्हणाले, "साहेबाला जाऊन सांग. तोंडी नको, लिहून दे. तोंडी बोललेलं या भिंतीत मुरून जातं."

रजेचा अर्ज आम्ही सगळे एकाच कारणानं लिहायचो. घरगुती कारण. आजारपण असो, लग्न असो, नुसतं झोपायचं असो, घरगुती कारण. मी कागद घेतला आणि लिहिलं की सतत ड्यूटीमुळे मला झोप नाही, माझं लक्ष राहत नाही, आज मी सासू आणि मुलीला घरात कुलूप लावून ड्यूटीवर आले आणि सात तास मला ते कळलं नाही. माझ्या हातून आत बराकीतही अशी चूक होऊ शकते.

साहेबांनी तो वाचला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या टेबलाच्या खणात रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं असायची, बोलता बोलता एखादी काढून कोरडीच गिळायचे. त्यांनी कागद उलटा करून ठेवला. म्हणाले, असं कोणी लिहून देत नाही. हे तुमच्या सर्व्हिस बुकाला लागेल, पुढे बढतीच्या वेळी कोणीतरी हे काढेल, तुम्हाला चाबी द्यायची की नाही असं विचारेल. घरगुती कारण लिहा, मी सही करतो.

मी उभीच होते. पाय हलत असणार. मी म्हटलं, "साहेब, घरगुतीच कारण आहे. पण ते घरात कुठून आलं, ते लिहिलंय."

शेवटी त्यांनी कागद खणात ठेवला, गोळ्यांच्या शेजारी. म्हणाले, दोन दिवस द्या.

तो अर्ज त्यांनी वर पाठवला की नाही, हे मला आजही माहीत नाही. पण तिसऱ्या दिवशी शेजारच्या जेलातून एक महिला शिपाई तात्पुरती आली, आणि मला जिल्हा रुग्णालयात दाखवायला सांगण्यात आलं. तिथल्या डॉक्टरीण बाई माझ्यापेक्षा लहान होत्या. ओपीडीत रांग लांब होती, बहुतेक खेड्यातली माणसं, गप्प. मला वाटलं, इथं आपलं काय काम? त्यांनी मला पहिलाच प्रश्न विचारला की सलग सहा तास शेवटचं कधी झोपलात. मला आठवेना. मी हसून टाळायला गेले. त्या हसल्या नाहीत, थांबून राहिल्या. मग मी बोलले. त्यांनी गोळ्या दिल्या, तीन आठवड्यांची रजा लिहिली आणि पुन्हा यायला सांगितलं.

रजेत मला लगेच बरं वाटलं असं नाही. पहिले आठ दिवस तर फार वाईट गेले. घरी असून सहा वाजता अंग ताडकन उठायचं. दोनदा मी वर्दी घालून जेलच्या गेटपर्यंत गेले, चाचांनी मला बाहेरूनच परत पाठवलं. नवऱ्याला तेव्हा सासूबाईंनी सगळं सांगितलं. तो भांडेल असं मला वाटलं होतं. तो बाहेर गेला, नवं कुलूप घेऊन आला आणि त्याची दुसरी चाबी सासूबाईंच्या कमरेला बांधली. पुसदचं काम त्याला मिळालं नव्हतं. पण त्या तीन आठवड्यांत त्यानं दारातली खुर्ची उचलली. सकाळी मुलीला शाळेत तो सोडायचा, स्वयंपाकही करायचा, भाजीत मीठ जास्त पडायचं. मला तो दिसायला लागला. आधीही तिथंच होता.

मुलगी मात्र लवकर जवळ आली नाही. ती माझ्याशी नीट बोलायची, पण मी घरातून निघाले की दारात येऊन उभी राहायची, मी वळणापर्यंत जाईपर्यंत. हे पुढे वर्षभर चाललं. मी तिला कधी आत जा म्हटलं नाही.

परत रुजू झाले तेव्हा आठ तासांची ड्यूटी लागली, कारण ती तात्पुरती आलेली शिपाई आणखी काही महिने राहिली आणि पुढे बाळंतीण झालेलीही परत आली. मधे एका रविवारी ताणतणावावर शिबिर झालं. सतरंजीवर बसून डोळे मिटा म्हटल्यावर रात्रपाळी करून आलेले तिघे तिथंच घोरायला लागले. शिकवणाऱ्या गुरुजींनी त्यांना उठवलं नाही, ते मला त्यांचं आवडलं. गोळ्या मी दीड वर्ष घेतल्या. अजूनही कापसाच्या हंगामात, का कोण जाणे, मला झोप कमी लागते.

त्या बाईचा जामीन मी रजेवर असताना झाला. तिचा मुलगा घ्यायला आला होता. निघताना तिनं त्या नव्या शिपाई बाईला विचारलं होतं की पहिल्या बाई बऱ्या हायत का. नवी होती, तिला मी माहीत नव्हते. ती म्हणाली, माहीत नाही.

सुटलेल्या कैद्याशी आम्ही संबंध ठेवायचे नसतात. तसा नियम आहे आणि तो बरोबरही आहे. पण दोन वर्षांनी आर्णीला एका लग्नाला एकटीच जाताना बस तिच्या गावच्या फाट्यावर थांबली, तर मी उतरले. नवऱ्याला सांगितलेलं नव्हतं, ठरवलेलंही नव्हतं. फाट्यावर एक पानठेला आणि एक बंद पडलेलं हॉटेल, आणि आत जाणारा मुरमाचा रस्ता. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, पलीकडे कपाशी. मी त्या रस्त्यानं दहा-बारा पावलं गेले आणि थांबले. तिच्या दारात जाऊन मी काय सांगणार होते? ती सुटली की अडकली तेही मला माहीत नव्हतं. मला बघून तिच्या घरच्यांना पोलीस आले असं वाटलं असतं.

डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी शेतातून आली. तिनं मला विचारलं, "कोनाच्या घरी जाचं हाय, बाई?"

मी म्हटलं, कोणाच्या नाही, गाडी चुकली. ती म्हणाली, आर्णीची गाडी अर्ध्या तासानं येते, ठेल्याच्या सावलीत बसा. मी बसले. गाडी वेळेवर आली नाही, मी सव्वा तास तिथं होते. मुरमाच्या रस्त्यावरून बरीच माणसं गेली-आली, मी त्यांच्याकडे बघत होते. मग बस आली आणि मी चढले. लग्न लागून गेलं होतं, पण जेवणं चालू होती.